दम खाणे म्हणजे आळस नव्हे
(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



मंडळाने मला आज विद्यार्थ्यांशी बोलण्याची संधी दिली आणि विषयही माझ्यावरच सोपवला, याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. आता निवृत्त झालो आहे. पहाटे मैदानावर फिरायला जातो. तिथे आपल्या वस्तीतली वीस-पंचवीस मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करताना रोज दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. १६०० मीटर म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या. त्या चार फेऱ्यांवर कितीतरी घरांच्या आशा टांगलेल्या असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एके दिवशी त्यांतला एक मुलगा तिसऱ्या फेरीत मांड्या धरून खाली बसला. मी जवळ गेलो. तो धापा टाकत म्हणाला, “सर, पाय दगड झाले. लॅक्टिक ॲसिड साठलं. ते विष असतं म्हणतात. ते मारणारी पावडर मिळते, घेऊ का?” दुसरा म्हणाला, “पावडर कशाला? भरतीच्या दिवशी एक इंजेक्शन टोचून घेतलं की काही कळत नाही.” त्या दोघांना मैदानावर पाच मिनिटांत मी नीट समजावू शकलो नाही. ते राहून गेलेले उत्तर आज तुम्हा सर्वांसमोर देणार आहे. प्रश्न असा की, शरीर जेव्हा जोराचे काम करते आणि स्नायूंना प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, पुरेसा मिळत नाही, तेव्हा स्नायूच्या पेशी ऊर्जा आणतात तरी कुठून? आणि त्या वेळी जे तयार होते ते खरोखर विष असते का?

खिशातली मोड

मित्रहो, दहावीच्या विज्ञानात तुम्ही एटीपी हे नाव ऐकले आहे. त्याला ऊर्जेचे चलन म्हणतात, आणि ते नाव अगदी योग्य आहे. स्नायूच्या प्रत्येक तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन नावाच्या प्रथिनांचे धागे एकमेकांशेजारी असतात. मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडून ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात. दोरी ओढणारे अनेक हात डोळ्यांपुढे आणा. स्नायू आखडतो तो या ओढण्याने. मात्र प्रत्येक ओढीला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. त्याचा एक फॉस्फेट तुटतो आणि ऊर्जा मोकळी होते.

आता गंमत अशी की, हे चलन शरीर साठवून ठेवत नाही. कोणत्याही क्षणी आपल्या शरीरातला एटीपीचा एकूण साठा अंदाजे ५० ते १०० ग्रॅमच असतो. पण दिवसभरात आपण जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका एटीपी वापरतो. म्हणजे तोच तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जोडला जातो. पूर्ण ताकदीने धावू लागलात तर स्नायूतला एटीपी दोन-तीन सेकंदांचाच धनी असतो. खिशातली मोड जशी चहा-पानापुरतीच असते, तसे हे.

खिसा रिकामा होऊ लागला की घरच्या डब्यात हात घालावा लागतो. स्नायूतला तो डबा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. हा पदार्थ आपला फॉस्फेट चटकन देऊन टाकतो आणि मोडलेला एटीपी पुन्हा जोडला जातो. त्याला ऑक्सिजन लागत नाही. पण हा डबाही लहानच आहे. पूर्ण जोर लावला तर आठ-दहा सेकंदांत त्याचा तळ दिसू लागतो. शंभर मीटर धावणाऱ्याचा किंवा गोळा फेकणाऱ्याचा बहुतेक भार याच दोन साठ्यांवर असतो.

हा डबा शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, त्यात आजारपणे आणि मृत्यू. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे सुरुवातीच्या दिवसांत पोटासाठी इस्पितळात रात्रपाळी करून रुग्णांची भांडी धुण्याचे काम त्यांनी केले. सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना त्यांनी १९२७ साली स्नायूतले क्रिएटिन फॉस्फेट दाखवून दिले आणि १९२९ साली एटीपी. एटीपीचा शोध त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे लावला. इतके होऊनही हार्वर्डने सुब्बारावांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. १९४८ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले. भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले ते १९९५ साली. तिसऱ्या प्रयत्नात मॅट्रिक झालेल्या माणसाचे नाव आज जगभरच्या जीवरसायनाच्या इतिहासात आहे. एखाद्या परीक्षेत मागे पडलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

पगार उशिरा येतो

डबा दहा सेकंदांत संपत आला, आणि आपल्याला तर चार फेऱ्या मारायच्या आहेत. मग पुढे काय? शरीराची खरी कमाई ऑक्सिजनच्या मदतीने होते. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये ग्लुकोज आणि चरबी यांचे पूर्ण ज्वलन होते. एका ग्लुकोजपासून साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ हा आकडा आढळतो, पण नव्या मोजणीने तो खाली आला आहे. मागे उरतात ते फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. हा शरीराचा पगार. भरपूर आणि भरवशाचा.

पण पगार उशिरा येतो. धावायला सुरुवात केल्याबरोबर हृदयाचे ठोके एकदम दुप्पट होत नाहीत. श्वास वाढायला, रक्तवाहिन्या रुंदावायला, तंतुकणिकांचे काम पूर्ण गतीला यायला एक ते दोन-तीन मिनिटे लागतात. पायांना ऊर्जा मात्र पहिल्याच पावलापासून हवी असते. म्हणून कितीही तयारीचा धावपटू असो, पहिल्या फेरीत त्याला थोडी उसनवारी करावीच लागते. आणि ज्याने शिट्टी वाजल्याबरोबर शंभर मीटरच्या वेगाने धाव घेतली, त्याची उसनवारी पहिल्या फेरीतच डोईजड होते. आपला तो मुलगा तिसऱ्या फेरीत खाली बसला, पण त्याची चूक पहिल्या फेरीत झाली होती.

रिकामी घमेली

ही उसनवारी म्हणजेच ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याची रीत. पुस्तकात तिला विनॉक्सिश्वसन म्हटले आहे. ती समजण्यासाठी मी तुम्हाला बांधकामावर घेऊन जातो.

स्लॅब टाकण्याचा दिवस आठवा. खालून वरपर्यंत माणसांची रांग असते. भरलेली घमेली हातोहात वर जातात, वर ओतली जातात आणि रिकामी घमेली परत खाली येतात. रिकामी घमेली वेळेवर खाली आली नाहीत तर काय होईल? खाली माल आहे, माणसे आहेत, पण भरायचे कशात? सगळी रांग ठप्प.

पेशीतही असेच आहे. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. तीन-तीन कार्बनच्या त्या तुकड्यांना पायरुव्हिक आम्ल म्हणतात. या तोडफोडीला, म्हणजे ग्लुकोज-विघटनाला, ऑक्सिजन लागत नाही आणि दोन एटीपीची निव्वळ कमाई होते. स्नायूने स्वतःकडे साठवलेल्या ग्लायकोजेनपासून सुरुवात केली तर तीन. पण या कामात ग्लुकोजमधून हायड्रोजन निघतो. तो उचलून नेणारे घमेले म्हणजे एनएडी नावाचा रेणू. पेशीत त्याची संख्या मोजकीच असते. ऑक्सिजन पुरेसा असला की हे भरलेले घमेले तंतुकणिकांकडे रिकामे होते आणि परत येते. काम फार वाढले, तंतुकणिकांना ते झेपेना, की वर तुंबते. भरलेली घमेली तशीच उभी राहतात. मग काही सेकंदांत ग्लुकोज-विघटनही थांबेल आणि पाय जागच्या जागी आखडतील.

अशा वेळी पेशी काय करते? ती घमेले तिथेच बाजूला ओतते. पायरुव्हिक आम्लच तो हायड्रोजन स्वीकारते. घमेले रिकामे होऊन पुन्हा कामाला लागते आणि रांग चालू राहते. हायड्रोजन स्वीकारलेले ते पायरुव्हिक आम्ल म्हणजेच आपले लॅक्टिक आम्ल. पेशीत ते लॅक्टेट या रूपात असते.

मित्रहो, इथे जरा थांबून विचार करा. ज्याला आपण विष म्हणत होतो, ते तयार झाले नसते तर आपला गडी तिसऱ्या फेरीपर्यंतही पोहोचला नसता. त्याच्या तयार होण्यामुळेच ऑक्सिजन अपुरा असताना ऊर्जेचा ओघ चालू राहिला. एका ग्लुकोजमागे एटीपी दोनच मिळतात खरे, पण ते ऑक्सिजनच्या मार्गापेक्षा साधारण दुप्पट वेगाने मिळतात. बस सुटत असताना धावायचे, पाण्यात बुडणाऱ्याला खेचायचे, अंगावर आलेल्या बैलापासून पळायचे, तर हा वेगच उपयोगी पडतो. आणखी एक लक्षात घ्या. स्वस्थ बसलेले असतानाही आपल्या रक्तात थोडे लॅक्टेट असतेच. प्रत्येक लिटरमागे साधारण एक मिलिमोल. चारशे मीटर जीव तोडून धावल्यावर ते वीसच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे हा पदार्थ आपला रोजचाच आहे, अडचणीच्या वेळी त्याचे प्रमाण वाढते एवढेच.

गुन्हेगार कसा ठरला?

मग हा बिचारा गुन्हेगार कसा ठरला? ही कथा विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी, कारण विज्ञान चुकते कसे आणि आपली चूक दुरुस्त करते कसे, हे तिच्यात दिसते.

लॅक्टिक आम्ल प्रथम सापडले ते आंबलेल्या दुधात. स्वीडनच्या शीले यांनी १७८० साली ते वेगळे केले. आपल्या घरचे दही आंबट लागते ते याच आम्लामुळे. पुढे सुमारे १८०७ साली बर्झेलियस यांना ते प्राण्यांच्या स्नायूंतही सापडले. पण त्यानंतर कितीतरी वर्षे मोजमाप जमेना. कारण स्नायू कापला, वाटला की त्या धक्क्यानेच त्यात लॅक्टिक आम्ल तयार होई. मोजायला जावे तर मोजणारा हातच आकडा बिघडवी.

१९०७ साली केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी साधी पण नामी युक्ती केली. बेडकाचा स्नायू त्यांनी बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये बुडवला, त्यामुळे आतल्या सगळ्या क्रिया जागच्या जागी थांबल्या. मग दिसले ते असे. विश्रांतीतल्या ताज्या स्नायूत लॅक्टिक आम्ल अगदी थोडे असते. ऑक्सिजन नसताना स्नायू थकेपर्यंत काम करवले तर ते खूप वाढते. आणि त्याच थकलेल्या स्नायूला ऑक्सिजनमध्ये ठेवले की ते नाहीसे होते. यानंतर ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांनी स्नायूची उष्णता, ऑक्सिजन आणि लॅक्टिक आम्ल यांचा हिशेब मांडला. त्याबद्दल त्यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या थोर लोकांच्या प्रयोगांत चूक नव्हती. अर्थ लावताना गफलत झाली. स्नायू थकलेला असतो तेव्हा लॅक्टिक आम्ल दिसते, म्हणून पुढे लोकांनी ठरवून टाकले की त्यामुळेच स्नायू थकतो. शिवाय स्नायूचे आकुंचनच लॅक्टिक आम्लामुळे होते, असेही त्या काळी मानले जाई. तापात कपाळावर ओली पट्टी दिसते म्हणून पट्टीमुळेच ताप आला असे म्हणण्यासारखे हे झाले. १९३० साली डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी स्नायूला असे रसायन दिले की त्यात लॅक्टिक आम्ल तयारच होऊ नये. तरी तो स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला. त्या वेळी तो खर्च करीत होता तो डबा सुब्बारावांनी दाखवलेला, क्रिएटिन फॉस्फेटचा. एका प्रयोगाने आधीचा सिद्धांत कोसळला. आणि हिल यांनी, नोबेल मिळालेले असूनही, आपल्या क्षेत्रात क्रांती झाली हे जाहीरपणे लिहून मान्य केले. आपले मत चुकले असे मोठ्या माणसाने चारचौघांत म्हणणे सोपे नसते.

कर्जाची फेड

आता उसनवारी झाली, तिची फेड कशी होते ते पाहू. शर्यत संपली तरी धाप लगेच थांबत नाही. धावणे थांबले आहे, मग एवढा ऑक्सिजन कशाला? याला हिल यांनी १९२० च्या दशकात ऑक्सिजनचे कर्ज असे नाव दिले. रिकामा झालेला क्रिएटिन फॉस्फेटचा डबा पुन्हा भरायचा असतो. त्याचा मोठा भाग दोन-तीन मिनिटांत भरतो. तापलेले शरीर, धडधडणारे हृदय, दमलेला श्वास, सगळ्यांना मूळ स्थितीवर यायचे असते. आणि बाजूला ओतलेल्या त्या मालाचीही व्यवस्था लावायची असते.

लॅक्टेटचे काय होते? पूर्वी समजूत होती की ते फक्त कचरा आहे. प्रत्यक्षात त्याचा बराच भाग इंधन म्हणून जळतो. शेजारचे तांबडे स्नायुतंतू ते घेतात, हृदय ते आवडीने घेते. कॅलिफोर्नियाचे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून हे ठामपणे मांडले, आणि आज ते सर्वमान्य झाले आहे. कोंबडीच्या तंगडीचे मांस गडद आणि छातीचे फिकट का असते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. दिवसभर चालणारी तंगडी ऑक्सिजनवर काम करते, म्हणून तिथे ऑक्सिजन धरून ठेवणारा तांबडा पदार्थ आणि तंतुकणिका जास्त. क्षणभर फडफडणारी छाती उसनवारीवर चालते, म्हणून ती फिकट. आपल्या प्रत्येक स्नायूत हे दोन्ही प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. एकाने ओतलेला माल दुसरा उचलतो.

उरलेले लॅक्टेट रक्तातून यकृतात जाते आणि तिथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या पतिपत्नींनी १९२९ साली मांडले. मात्र इथे सावकारी व्याज आहे. स्नायूला दोन एटीपी मिळाले होते, यकृताला ते ग्लुकोज परत घडवताना सहा खर्चावे लागतात. म्हणून ही सोय घटकाभराची आहे, तिच्यावर दिवसभराचा संसार चालत नाही. जाता जाता सांगतो, गर्टी कोरी नवऱ्याच्या बरोबरीने संशोधन करीत, पण विद्यापीठात त्यांना वर्षानुवर्षे दुय्यम जागा आणि तुटपुंजा पगार मिळाला. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ साली, आणि त्याच वर्षी नोबेलही. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

ही फेड झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मातीतले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या त्या दिवसाची हकिगत अशी सांगितली जाते की, जपानच्या इशीईंशी लांबलेली कुस्ती झाल्यावर, मध्ये मिळायला हवी ती अर्ध्या तासाची विश्रांती न देता, त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. कुस्ती हा तर उसनवारीचाच खेळ. अर्ध्या तासात डबा भरला असता, बरेच लॅक्टेट जळून गेले असते. ती अर्ध्या तासाची विश्रांती मेहेरबानीची नव्हती, ती शरीराची गरज होती.

पाय दगड का होतात?

मग पाय दगड का होतात? याचे उत्तर एका शब्दात नाही. जोराच्या श्रमात स्नायूतली आम्लता वाढते हे खरे. विश्रांतीत सामू ७ च्या थोडा वर असतो, तो ६.५ च्या आसपास उतरू शकतो. मात्र या आम्लतेचा सगळा दोष लॅक्टेटच्या माथी मारता येत नाही. एटीपी वेगाने मोडण्यातूनही हायड्रोजन आयन बाहेर पडतात. दुसरे कारण म्हणजे डबा रिकामा होताना साचलेले सुटे फॉस्फेट. ते मायोसिनच्या ओढीत आणि कॅल्शियमच्या ये-जा करण्यात अडथळा आणते. आणि कॅल्शियम हाच तर स्नायूला ‘ओढ’ म्हणून सांगणारा निरोप्या. याखेरीज क्षारांचा तोल ढळतो आणि मेंदूही ‘आता पुरे’ म्हणू लागतो. हा शरीराचा इशारा आहे. पेशी पुरती दिवाळखोरीत जाण्यापूर्वी ती स्वतःला आवरते.

आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, त्याचा तर लॅक्टिक आम्लाशी काहीच संबंध नाही. ते धावणे संपल्यावर तासाभरात पूर्वीच्या पातळीवर येते. ठणका असतो तो सवयीबाहेरच्या श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचा, आणि दोन-चार दिवसांत तो भरून येतो. तेव्हा लॅक्टिक आम्ल मारणाऱ्या पावडरीवर आईच्या कष्टाचे पैसे घालवू नका. इंजेक्शनाबद्दल तर मी हात जोडून सांगतो. वेदना मारून धावणे म्हणजे गजराची घंटा काढून टाकून आगीत झोपणे. अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. स्टेरॉइडने यकृताला आणि हृदयाला धोका होतो. नोकरी मिळावी म्हणून शरीर गमावू नका, शरीरच गेले तर नोकरी कोण करणार?

ज्यांना उधारी चालत नाही

सभेत वडीलधारी मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हातापायाच्या स्नायूंना उसनवारी पुष्कळ सहन होते. हाताच्या शस्त्रक्रियेत पट्टा आवळून तास-दीड तास रक्त थांबवले तरी स्नायू टिकतो. हृदयाचा स्नायू तसा नाही. तो जन्मभर विश्रांतीशिवाय चालतो, म्हणून तो जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिजनवर अवलंबून आहे. त्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चढण चढताना, जिना चढताना छातीत दाब येतो, थांबले की जातो. ती हृदयाच्या स्नायूची ऑक्सिजनसाठीची हाक असते. तिला पित्त म्हणून सोडा पिऊन झोपू नका. वाहिनी पूर्ण बंद झाली तर वीस-तीस मिनिटांपासून पेशी मरू लागतात. दाब थांबत नसेल, घाम येत असेल, तर शेजाऱ्याला उठवा आणि थेट इस्पितळ गाठा.

दुसरी गोष्ट, ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, उभे राहिले की बरे वाटते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. याला आपण वय झाले म्हणतो, वात म्हणतो. पुष्कळदा ती पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण असते. विडी-तंबाखू आणि मधुमेह ही तिची मोठी कारणे. ज्या स्नायूला चालण्यापुरताही ऑक्सिजन मिळत नाही, तो पावलोपावली कर्ज काढतो आहे, हे ओळखा, डॉक्टरांना दाखवा आणि विडी आजच टाका.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, १६०० मीटरच्या शर्यतीत ऊर्जेचा मोठा वाटा, सुमारे चार पंचमांश, ऑक्सिजनच्या मार्गाने येतो. ८०० मीटरमध्येही निम्म्याहून अधिक. तेव्हा तयारी पगार वाढवण्याची करा. आठवड्यातले बरेच दिवस बोलता येईल इतक्या बेताच्या वेगाने लांब पळा. त्याने स्नायूत केशवाहिन्या आणि तंतुकणिका वाढतात. हे काम आठवड्यांचे आणि महिन्यांचे आहे, भरतीची जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत ते होत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस दोनशे-चारशे मीटर जोरात पळा आणि मधल्या वेळात चालत विश्रांती घ्या. त्याने उसनवारी करण्याची आणि ती झटपट फेडण्याची सवय लागते. शर्यतीपूर्वी अंग गरम करा, म्हणजे ऑक्सिजनचा मार्ग लवकर सुरू होतो. पहिली फेरी आवरून धावा, जोर शेवटच्या फेरीसाठी राखा. शर्यत संपल्यावर एकदम आडवे पडू नका, दहा मिनिटे चाला. चालत्या स्नायूत लॅक्टेट लवकर जळते. पाणी प्या, पोटभर भाकरी-डाळ-उसळ खा, पुरेसे झोपा आणि भर उन्हात सराव करू नका. यातल्या एकाही गोष्टीला पावडरीचा खर्च नाही.

शेवटी एक घरची आठवण सांगून थांबतो. माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाली करीत. चढत्या फळीवरून गोणी वाहून टाकली की ते क्षणभर भिंतीला टेकत. मुकादम ओरडे, “काय, आराम चाललाय?” वडील म्हणत, “आराम नाही साहेब, दम खातोय.” लहानपणी मला त्या उत्तराची लाज वाटे. वाटे, वडील सबब सांगतात. पुढे शरीरशास्त्र शिकलो तेव्हा कळले की शाळा न शिकलेला तो माणूस अक्षरशः खरे बोलत होता. त्या घटकेत त्यांच्या पाठीचे आणि पायांचे स्नायू घेतलेले कर्ज फेडत होते, पुढच्या गोणीसाठी डबा भरत होते. आपली भाषाही किती शहाणी आहे पहा. दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे ताकदही. दम लागतो, दम खातो, आणि मग अंगात पुन्हा दम येतो.

तेव्हा मित्रहो, मैदानावर मांड्या धरून थांबलेल्या मित्राला हसू नका. बांधकामावर घमेले खाली ठेवून उभ्या राहिलेल्या बाईला कामचुकार म्हणू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब झाला, कुणी मुकादम झाला, तर आपल्या हाताखालच्या माणसाला दम खाऊ द्या. त्याचे शरीर त्या वेळी हिशेब चुकता करीत असते.

 जयभीम.